टिकलीवाले आतार सर

आतार सरांच्या शोकसभेत आमच्या संस्थेचे अध्यक्ष त्यांच्याविषयी सतरा मिनिटं चांगलं बोलले. सतरा! मी घड्याळ लावून बसलो होतो. ज्या माणसाकडून त्यांनी शेजारच्याच केबिनमध्ये माफीनामा लिहून घेतला, त्याला 'आमच्या संस्थेचा हिरा' म्हणताना त्यांची जीभ सरळ कशी राहिली, यावर खरं तर कुणीतरी संशोधन करायला हवं. आतार सर असते तर त्यांनी केलं असतं.

पण माझं डोकं फिरलं ते त्याआधीच. आमच्या कारकुनानं फळ्यावर रंगीत खडूनं 'भावपूर्ण श्रद्धाजली' असं लिहून ठेवलं होतं. अनुस्वार गायब. कुणीतरी सभेआधी येऊन 'द्धा'च्या डोक्यावर एक मरून टिकली चिकटवली होती, अगदी बरोब्बर जागेवर. अध्यक्षांनी ती पाहिली. "ही कुणाची थट्टा?" म्हणाले, नखानं टचकन उडवली आणि नख रुमालाला पुसलं. सरांचा फोटो शेजारी, हार घालून, आणि वर पुन्हा 'श्रद्धाजली'.

मी मराठीचा मास्तर. या ठिपक्यापायी मी आयुष्यभर पोरांचे मार्क कापले, दोन पालकांचा मार खाता खाता वाचलो. पण एका ठिपक्याची किंमत मला खऱ्या अर्थानं शिकवली ती जीवशास्त्राच्या माणसानं.

यासीन आतार राहायचे दौंडला आणि शिकवायचे आमच्याकडे, शिरूरच्या कनिष्ठ महाविद्यालयात. रोज एसटीनं न्हावऱ्यावरून येणं-जाणं. उंची बेताची, पोट नाही, मिश्या नाहीत. परमेश्वरानं सगळा माल आवाजात घातलेला. त्यांचा लाडका शब्द एकच: "चूक!" तो त्यांनी वर्गात उच्चारला की घोडनदीच्या पुलावरचा ट्रक गिअर बदलायचा. दौंडच्या फलाटावर एकदा पेपरातली बातमी वाचून ते "चूक!" म्हणाले आणि सोलापूरकडं निघालेली गाडी अर्धं मिनिट थांबली, असं मी सांगतो तेव्हा लोक हसतात. ठीक आहे, मी दहा सेकंद कमी करायला तयार आहे. त्याच्या खाली येणार नाही.

तरुणपणी ते पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत आरएनएवर काम करायचे. सोडून का आलात विचारलं की म्हणायचे, "तिथं उंदीर होते, इथं पोरं आहेत. उंदरांना शिस्त होती. कंटाळा आला."

त्यांच्या शर्टाच्या खिशात पेन नसायचं. टिकल्यांचं पाकीट असायचं. नव्यानं आलेल्या शिक्षकांच्यात यावर पहिला महिनाभर काय काय चालायचं ते मी लिहीत नाही. खरं कारण साधं होतं. आतारांच्या घरचा धंदाच तो. कुंकू, टिकल्या, काजळ, बांगड्या, अत्तर. सरांची आई, जिला अख्खा तालुका आतारीण चाची म्हणायचा, ती दौंडच्या आणि शिरूरच्या बाजारात पाल टाकून बसायची. इकडच्या तीन पिढ्यांच्या बायकांनी कपाळाला जे लावलं, ते नमाज पढून आलेल्या हातांनी पुडीत बांधून दिलेलं होतं. त्यात कुणाला काही वेगळं वाटत नव्हतं. तेव्हा.

त्यांचा आरएनएचा तास मी भिंतीपलीकडून इतक्यांदा ऐकलाय की माझ्या वर्गातली पोरं जीवशास्त्रात पास आणि मराठीत नापास होऊ लागली.

"सगळे म्हणतात, कॅन्सर म्हणजे डीएनएतली चूक. अर्धी चूक!" सर सुरू करायचे. "डीएनए म्हणजे तहसील कचेरीतलं मूळ रेकॉर्ड. ते बाहेर येत नाही. बाहेर येते ती नक्कल. ती नक्कल, ती चिठ्ठी म्हणजे आरएनए. मूळ रेकॉर्ड शुद्ध आहे, नकलेतलं एकसुद्धा अक्षर चुकलेलं नाही, तरी घोटाळा होतो. कसा?"

मग फळ्यावर 'खत' लिहायचे, खिशातून टिकली काढायचे आणि 'ख'च्या डोक्यावर चिकटवायचे. खंत!

"अक्षरं तीच. जा आता दुकानात आणि कांद्यासाठी दोन गोणी खंत मागा."

पोरं खिदळायची. तेवढ्यात आवाज खाली आणून सर म्हणायचे, "आरएनएच्या चिठ्ठीवरही अशीच रसायनाची टिकली लागते. पेशीत टिकली लावणारे वेगळे, पुसणारे वेगळे आणि वाचणारे वेगळे. लावणारा सोडा, पुसणारा सोडा. वाचणारा कोण? हे विचारा. एक बाई आहे. बाई तीच, डोकं तेच, हात तेच. कपाळावर टिकली असली की गाव तिच्याशी एक वागतं, नसली की दुसरं. बाईत काय बदललं? काही नाही. वाचणाऱ्यांनी ठरवलं. पेशीतपण हरामखोर असेच बसलेत."

आणि मग सिग्नल. दौंडच्या माणसाला सिग्नल शिकवावा लागत नाही, तो आईच्या पोटातून लाल-हिरवं ओळखत येतो. "बाहेरून पेशीच्या दाराशी निरोप येतो: वाढ. दारातला आतल्याला सांगतो, आतला पुढच्याला, सिग्नल हिरवा. गाडी गेली की सिग्नल लाल करणारा माणूस पाहिजे की नको? त्याला ड्युटीवर बोलावणारी एक चिठ्ठी असते. कॅन्सरच्या पेशीत त्या चिठ्ठीवर नको तितक्या टिकल्या लागतात. वाचणारा येतो, टिकल्या बघतो, म्हणतो, ही फाडायची चिठ्ठी. फाडतो! लाल करणारा ड्युटीवर येतच नाही. सिग्नल हिरवाच्या हिरवा. गाडीमागं गाडी, गाडीमागं गाडी..." इथं ते टेबलावर असा हात आपटायचे की माझ्या फळ्यावरचा खडू खाली पडायचा. "आणि तीच टिकली दुसऱ्या चिठ्ठीवर असली की दुसरा वाचणारा तिला जपून ठेवतो, दहादा वाचतो. म्हणून टिकली चांगली का वाईट, असं विचारतो तो गाढव! कुणाच्या कपाळावर, आणि वाचणारा कोण?"

हा तास दरवर्षी शेवटच्या बाकामागं उभं राहून ऐकणारी एक बाई होती. कांताबाई. प्रयोगशाळेतली काचेची भांडी धुणाऱ्या. हातात परीक्षानळी, फडक्यानं पुसत पुसत ऐकायच्या. नवरा गेला तेव्हा त्या सव्वीस वर्षांच्या होत्या. चौदाव्यानंतरच्या बाजाराला सुईदोरा घ्यायला गेल्या, तर आतारीण चाचीनं पुडीत टिकल्यांचं पाकीट टाकलं. कांताबाई म्हणाल्या, "चाची, मला आता काय करायची ही?" चाची म्हणाली, "कपाळ तुजं, टिकली तुजी. गावाला वाचता येत नसंल तर गावानं डोळं मिटावं." त्या दिवसापासून कांताबाईंच्या कपाळावर मरून टिकली. गावानं डोळे मिटले नाहीत, पण दमलं.

सर वर्गात बाईचं उदाहरण द्यायला लागले की पोरं मागं वळून बघायची आणि कांताबाई म्हणायच्या, "म्होरं बगा. परीक्षेत मी न्हाई येनार."

याच कांताबाईंना छातीत गाठ निघाली. पुण्याच्या इस्पितळात तपासलं, कॅन्सर. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात, सगळी केमो नीट घेतलीत तर बरं व्हायची खूप आशा आहे. दोन केमो झाल्या. केस गेले, भुवया गेल्या, अन्न पोटात ठरेना. तरी बाई डोक्याला पदर आवळून भांडी धुवायला हजर. "घरी बसून गाठीकडं बगत बसू व्हय?" म्हणायच्या.

मग एका दिवशी त्या एकदम टवटवीत दिसल्या. स्टाफरूममध्ये पाणी ठेवायला आल्या होत्या. सर म्हणाले, "कांताबाई, उलट्या थांबलेल्या दिसतात. तिसरी केमो कधीये?"

"ती बंद केली सर. आता तुमचंच औषध चालू हाय."

"माझं?"

कांताबाईंनी कमरेच्या पिशवीतून बाटली काढली. बाटलीवर चित्र होतं: एक लाल टिकली आणि ती पुसणारं बोट. खाली 'आरएनए शुद्धी थेंब'.

"आपला प्रवीण न्हाई का, तुमचा इद्यार्थी? त्योच इकतो. म्हणला, आतार सरांनीच शिकवलं. नको त्या चिठ्ठीवरच्या टिकल्या पुसायच्या, म्हंजी सिग्नल लाल. दिसातनं तीनदा धा थेंब. मला तर समदं पाठच हाय की सर, म्हणून लगीच पटलं."

आतार सरांनी बाटली हातात घेतली, झाकण उघडून हुंगली आणि एक थेंब जिभेवर टाकला.

"कांताबाई," सर म्हणाले, "शिकवलं ते खरं आहे. पण त्यावरचं औषध अजून शोधतायत. माणसांवर तपासून बघायला आत्ता कुठं लागलेत. ही बाटली म्हणजे साखरपाणी आहे. केमो थांबवली म्हणून तुम्हाला बरं वाटतंय. गाठीलाही बरं वाटत असेल."

कांताबाईंनी बाटली त्यांच्या हातातून घेऊन पुन्हा पिशवीत ठेवली. "औषध नव्हतं, तर मग वीस वर्सं सांगितलं कशाला?"

आणि गेल्या.

हा वार सरांना लागला. त्या दिवशी ते माझ्याबरोबर स्टँडपर्यंत चालत आले. मग म्हणाले, "मराठी," (मला ते कायम 'मराठी' म्हणायचे, जणू आमच्या जातीतला मी एकटाच उरलोय) "मराठी, मी त्या बाईला वाचायला शिकवलं आणि त्या गाढवानं तिला माझ्या अक्षरात फसवलं."

रविवारी प्रवीणचं 'आरोग्य शिबिर' होतं, एका मंगल कार्यालयात. हा प्रवीण बारावीला जीवशास्त्रात दोनदा नापास झालेला. आता कोट घालून पडद्यावर टिकली दाखवत होता. खुर्च्यांवर बहुतेक बायका. पहिल्या रांगेत, बरी झालेली पेशंट म्हणून, कांताबाई. सर मागून उठले.

"प्रवीण, हे थेंब टिकल्या पुसतात म्हणतोस. कुणाच्या?"

"सर! या ना सर, पुढं या. आमचे गुरुवर्य..."

"कुणाच्या पुसतात?"

"म्हणजे... सगळ्या सर. फुल बॉडी."

सर बायकांकडं वळले. "ऐकलंत? नको त्या चिठ्ठीवरची एक टिकली पुसायची, तर हा म्हणतो, पुसा सगळ्यांच्या टिकल्या! शेतात तणनाशक मारावं तसं! तुमच्या अंगात कोट्यवधी चांगल्या चिठ्ठ्या आहेत, त्यांच्याही? चालेल?"

मधल्या रांगेतून एक न्हावऱ्याची म्हातारी उठली. "आरं ए कोटवाल्या, माजी कशापायी पुसतो? मालक भाईर स्कूटरवर बसल्यात माजं, चांगलं जित्तं!"

मंगल कार्यालयाचं पत्र्याचं छप्पर हसण्यानं वीतभर वर गेलं आणि परत बसलं. मी डोळ्यांनी पाहिलंय. पन्नासेक बायका उठून गेल्या. कांताबाईही हसल्या. पण बाटली काही त्यांनी सोडली नाही. दाराशी सरांना म्हणाल्या, "तुम्ही खरं असाल सर. पन ते इस्पितळ... पोटातलं आतडं भाईर येतंया असं वाटतं वो."

दोन दिवसांत सगळ्यांच्या मोबाईलवर एक चिमुकला व्हिडिओ आला. त्यात आतार सर हात उगारून ओरडतायत: "पुसा सगळ्यांच्या टिकल्या!" बस. आधीचं 'हा म्हणतो' कापलेलं. खाली सरांचं पूर्ण नाव, आडनावासकट, मोठ्या अक्षरात. आडनाव वाचल्यावर पुढचं ऐकायची गरज कुणाला? ज्या घरानं तीन पिढ्या तालुक्याच्या कपाळाला टिकली पुरवली, त्या घरातला माणूस टिकल्या पुसायला निघाला, हे लोकांना पटलं! चाचीच्या पुड्या ज्यांच्या आयांच्या फडताळात अजून असतील, अशांनी ते पुढं पाठवलं. मला आजही त्यातल्या प्रत्येकाचं नाव पाठ आहे. वेळ आली तर शुद्धलेखनासह लिहून देईन.

सरांनी तो व्हिडिओ माझ्याच मोबाईलवर दोनदा पाहिला. म्हणाले, "बघा मराठी. शब्द माझेच. एक अक्षर बदललेलं नाही. उद्या वर्गात घेतो."

वर्गात घ्यायची वेळ आली नाही. अध्यक्षांनी बोलावलं. (त्यांचा मेहुणा त्या थेंबांचा तालुक्यातला मुख्य विक्रेता होता, हे मी सांगणार नव्हतो, चुकून निघून गेलं.) मला बोलावलं शुद्ध मराठीत माफीनामा लिहायला. कांताबाई पाणी घेऊन आल्या होत्या.

"संस्थेची बदनामी झाली आहे," अध्यक्ष म्हणाले. "लेखी खंत व्यक्त करा."

मला वाटलं, आता "चूक!" होणार आणि खिडकीच्या काचा जाणार. मी कान झाकायच्या तयारीत. सर म्हणाले, "ते नंतर बघू. मला उद्याची रजा हवी. कांताबाईंची केमोची तारीख चुकलीये. मी इस्पितळात बोललोय, उद्या या म्हणालेत."

"मी कवा म्हणलं, मी येनार?" कांताबाई तांब्या धरून.

"कागदावर सही होईपर्यंत रजा नाही," अध्यक्ष म्हणाले.

ऱ्हस्व-दीर्घावरून शिक्षणाधिकाऱ्यालाही न सोडणारा तो माणूस. सरांनी माझ्याकडं हात केला. "मराठी, कागद आणा. साहेब सांगतील ते लिहा."

मी लिहिलं. 'झाल्या प्रकाराची मला खत वाटते.' हो, अनुस्वार मी दिला नाही. माझ्या पेनानं ऐनवेळी असहकार पुकारला. सरांनी वाचलं, माझ्याकडं एक नजर टाकली, खिशातून पाकीट काढलं आणि मोहरीएवढी काळी टिकली 'ख'च्या डोक्यावर बसवली. खाली सही. अध्यक्षांनी वाचलं, मान डोलावली, फायलीला लावलं.

कांताबाई अजून तिथंच. "सर, तुम्ही तर चुकला न्हाई. आन् चुकलो म्हणून लिवून दिलं?"

"चुकली ती तुमची तारीख, कांताबाई. माझ्या कागदाचं काय, खाडाखोड करता येते. तुमच्यात नाही करता येत."

कांताबाईंनी तांब्या टेबलावर ठेवला. कमरेच्या पिशवीतून बाटली काढली, अध्यक्षांच्या खिडकीतल्या तुळशीत पालथी केली आणि विचारलं, "किती वाजताची गाडी?"

तुळस पुढं जळली, असं मी सांगत असतो. खरं तर तिला काहीच झालं नाही. साखरपाण्यानं काय होणार?

बाहेर आल्यावर सर माझ्या कानाशी म्हणाले, "त्या पाकिटाचा गोंद हलका आहे. उन्हाळ्यात पडते." मी मे महिन्यात फाईल पाहिली. टिकली पडली होती. संस्थेच्या दप्तरी आतार सरांनी फक्त खत दिलेलं आहे, आणि त्या जमिनीला त्याची गरजही होती.

सर त्या वर्षाअखेर निवृत्त झाले. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते शिरूरच्या एसटी स्टँडवर, भर दुपारी. केमो सगळ्या झालेल्या, कांताबाईंना तपासणीला न्यायचं म्हणून दौंडहून आले होते. कांताबाईंच्या डोक्यावर हरभऱ्याच्या कोंबासारखे केस उगवले होते. घामानं त्यांची टिकली सारखी निसटत होती. चौथ्यांदा निसटली तशा त्या वैतागल्या, "ऱ्हाऊ द्या आता. टिकतच न्हाई मेली."

सरांनी पाकीट पुढं केलं. "पडली तर दुसरी लावायची, कांताबाई. टिकलीचा गुणच तो. ती काय दगडावर कोरलीये?"

बस हलली. खिडकीतून सरांचं लक्ष खांबावरच्या पाटीकडं गेलं: 'येथे थुकू नये'. आणि आतून आवाज आला, "चूक!" आता हे मात्र मी वाढवून सांगत नाही: ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. बिचाऱ्याला वाटलं, कुणीतरी चाकाखाली आलं. बस उभी, कंडक्टर शिव्या देतोय, आणि सर खिडकीतून हात लांब करून पाटीकडं बोट दाखवतायत, मला. मी कांताबाईंची खाली पडलेली टिकली उचलून 'थु'च्या डोक्यावर लावेपर्यंत बस निघून गेली होती.

यंदाच्या उन्हाळ्यात ते दौंडला राहत्या घरी गेले. हृदयविकार. ज्या अवयवावर त्यांनी कधी एक तास नीट घेतला नाही, त्यानं डाव साधला.

तर सभेत अध्यक्षांनी टिकली उडवली, नख पुसलं आणि 'हिरा' वगैरे सुरू केलं. सतरा मिनिटं झाली. टाळ्या वाजवायच्या की नाही, हे कुणाला कळेना. तेवढ्यात मागून एक बाई उठली. केस आता मानेपर्यंत आलेले, हात ओले. खुर्च्यांमधून सरळ फळ्यापाशी गेली. अध्यक्ष म्हणाले, "कांताबाई, काय आहे?"

"काय न्हाई. पडली व्हती."

त्यांनी कपाळावरची मरून टिकली काढली, 'द्धा'च्या डोक्यावर लावली आणि अंगठ्यानं दाबून धरली, गोंद धरेपर्यंत. मग कमरेच्या पिशवीतून पाकीट काढून, सगळ्यांसमोर, आरशाशिवाय, स्वतःला दुसरी लावली.